केमिकल इंजिनिअरिंगमध्ये प्रॉडक्ट डिझाइनचं नेमकं काम काय?

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो लिहितो: ‘आम्हाला रिअ‍ॅक्टर, डिस्टिलेशन, हीट एक्स्चेंजर हे सगळं शिकवतात. प्रॉडक्ट डिझाइन मात्र ऐच्छिक विषयांच्या यादीत कुठेतरी खाली आहे. नवीन पदार्थ शोधणं केमिस्टचं काम, तो लोकांना हवा आहे का हे बघणं मार्केटिंगचं. मग यात केमिकल इंजिनिअर करतो काय? आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यात घ्यावा का?’

माझी वीसेक वर्षं फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे घटक मिसळून वापरायला तयार पदार्थ बनवायच्या, कामात गेली. त्याआधी चार वर्षं सॉल्व्हंटच्या, म्हणजे टोल्युइनसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांच्या, प्लांटवर होतो, म्हणून दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. उत्तर जरा लांबणार आहे, कारण थोडक्यात सांगायला गेलं की या विषयातली खरी गंमतच निसटते.

आधी प्लांटवरची गोष्ट. आमचं प्रॉडक्ट काय आहे, यावर तिथे कधी चर्चाच झाली नाही. टोल्युइन म्हणजे टोल्युइन. शुद्धता किती, पाणी किती पीपीएम, रंग कसा, एवढं जुळलं की टँकर सुटला. एका कंपनीचं टोल्युइन आणि दुसरीचं टोल्युइन यात गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, त्यामुळे सगळी स्पर्धा खर्चावर. टनामागे वाफ किती गेली, रिफ्लक्स (डिस्टिलेशनच्या स्तंभात परत सोडलेला द्रव) जरा उतरवता येईल का, यातच दिवस जायचा. आपला अभ्यासक्रम याच जगासाठी घडला. १९१५ मध्ये आर्थर डी. लिटल यांनी युनिट ऑपरेशन्सची, म्हणजे गाळणं, वाळवणं, डिस्टिलेशन अशा मूलभूत क्रियांची, कल्पना मांडली आणि कुठलाही कारखाना त्याच मोजक्या क्रियांमध्ये उलगडून बघायची सवय आपल्याला लागली. ती सवय सोन्यासारखी आहे. फक्त तिने ‘कसं बनवायचं’ एवढंच विचारलं. ‘काय बनवायचं’ हे आधीच ठरलेलं असे.

आता क्रीम, रंग, डिटर्जंट, कीटकनाशकाचं सस्पेन्शन, छपाईची शाई, औषधाची गोळी, बॅटरीचा इलेक्ट्रोड हे डोळ्यांपुढे आणा. इथे रासायनिक विश्लेषण तंतोतंत जुळणारे दोन नमुने वापरताना अगदी वेगळे निघू शकतात. घटक तेच, टक्के तेच, पण एकात तेलाचे थेंब अर्ध्या मायक्रॉनचे आणि दुसऱ्यात दहा मायक्रॉनचे. एक दोन वर्षं टिकेल, दुसरं महिन्याभरात फुटेल. म्हणजे पदार्थाचा गुण रेणूत असतो तितकाच त्याच्या रचनेत असतो, आणि ही रचना घडते प्रोसेसमध्ये: ढवळताना, थंड करताना, वाळवताना, दळताना. हे सगळं कुणाला येतं? तुम्हाला.

माझ्या मते केमिकल इंजिनिअरचं इथलं मुख्य काम भाषांतराचं आहे. वापरणाऱ्याच्या तोंडचं वाक्य मोजता येईल अशा गुणधर्मात उतरवायचं. तो गुणधर्म कुठल्या रचनेतून येतो ते शोधायचं. आणि ती रचना टनावारी बनवतानाही दर वेळी तशीच निघेल अशी प्रोसेस बांधायची. पुस्तकांत गरज, कल्पना, निवड आणि उत्पादन असे चार टप्पे दिलेले असतात, ते बरोबरच आहेत. पण मी जी कामं फसलेली पाहिली, त्यातली बहुतेक पहिल्याच टप्प्यावर फसली होती. फसल्याचं लक्षात आलं मात्र शेवटच्या टप्प्यावर.

हातांना लावायच्या एका लोशनबद्दल आमच्याकडे तक्रार आली: ‘चिकट लागतं.’ आम्ही पहिले तीन आठवडे काय केलं, तर लोशन पातळ केलं. थिकनर कमी केला, व्हिस्कॉसिटी निम्म्यावर आणली, परत लोकांना वापरायला दिलं. तक्रार जशीच्या तशी. मग आम्ही वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून नुसतं बघत राहिलो. लोशन हातावर घेताना कुणी काही बोलत नव्हतं. चोळतानाही नाही. दोन-तीन मिनिटांनी मात्र माणसं अंगठा आणि बोट टेकवून परत सोडवून बघत होती. एकीने समोरचा फॉर्म उचलला तर कागद बोटाला धरून वर आला. तक्रार बाटलीतल्या लोशनची नव्हतीच. पाणी उडून गेल्यावर कातडीवर जो थर उरतो, त्याची होती.

हिशेब मांडून बघा. १०० ग्रॅम लोशनमध्ये ७५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम ग्लिसरीन आणि १५ ग्रॅम तेलं, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) वगैरे. पाणी उडालं की उरले २५ ग्रॅम, आणि त्यात ग्लिसरीन ४० टक्के. ग्लिसरीन थोडं पाणी धरून ठेवतं, पण अंदाजाला एवढं पुरे. आता ग्लिसरीन ५ ग्रॅमवर आणलं आणि तेवढं पाणी वाढवलं, तर उरलेल्या २० ग्रॅममध्ये ते २५ टक्के. बाटलीत ५ टक्क्यांचा फरक, कातडीवर १५ टक्क्यांचा. हा साधा वस्तुमान संतुलनाचा हिशेब, तुमच्या दुसऱ्या वर्षातला. तो करायला आम्हाला तीन आठवडे उशीर झाला, कारण आम्ही चुकीच्या पदार्थाचा हिशेब करत होतो.

ग्लिसरीन सरसकट काढून चालत नाही, ओलावा तेच धरून ठेवतं. म्हणून थोडं कमी केलं, तेलांपैकी काही हलकी घेतली आणि बारीक स्टार्च घातला, म्हणजे बोटाचा थराशी सलग संपर्क येत नाही. त्याहून महत्त्वाचं, चाचणीच बदलली. काचेवर ठरावीक जाडीचा थर ओढायचा, कातडीचं असतं तसं ३२ अंश तापमान ठेवून पाणी उडू द्यायचं आणि मग त्या थरावर टेकवलेला प्रोब उचलायला किती बल लागतं ते मोजायचं. हा आकडा लोकांच्या शेऱ्यांशी जुळायला लागला, तेव्हा ‘चिकट’ या शब्दाचं भाषांतर पूर्ण झालं. त्यानंतरचं काम भराभर झालं.

निवडीच्या टप्प्यावर इंजिनिअरचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने होतो. दहा कल्पना समोर असतात आणि प्रत्येकीवर प्रेम करणारं कुणीतरी असतं. सगळ्यांवर प्रयोग करायला वेळ नसतो. अशा वेळी पाच मिनिटांचा हिशेब एखादी कल्पना सन्मानाने बाजूला ठेवू शकतो.

पाण्यात बारीक कण तरंगत ठेवलेलं कीटकनाशक घ्या. कण २ मायक्रॉनचे, पाण्यापेक्षा घनता ४०० किलो प्रति घनमीटरने जास्त. बाटली दोन वर्षं टिकली पाहिजे, तळाशी दगडासारखा साका बसता कामा नये. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग सांगणारा स्टोक्सचा नियम लावला तर साध्या पाण्यात हा कण सेकंदाला ०.८७ मायक्रॉन खाली जातो, म्हणजे दिवसाला साधारण साडेसात सेंटिमीटर. दोन-तीन दिवसांत बाटली बसली. बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘घट्ट करू या.’ ठीक आहे, पाण्याच्या हजारपट घट्ट करा. वेग हजारपट कमी झाला: दिवसाला ७५ मायक्रॉन. दोन वर्षांचे ७३० दिवस, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर. इतकं घट्ट करूनही माल बसतोच, आणि वर तो बाटलीतून नीट ओतता येत नाही ते वेगळंच. नुसती व्हिस्कॉसिटी वाढवायची कल्पना इथेच संपली, एकही बीकर न विसळता.

मग त्याच कणाकडे दुसऱ्या बाजूने बघायचं. तो स्वतःच्या वजनाने भोवतालच्या द्रवावर किती ताण देतो? घनतेतला फरक, गुरुत्वाकर्षण आणि व्यास यांचा गुणाकार केला तर उत्तर पास्कलच्या शंभराव्या भागाहूनही कमी येतं. म्हणजे विश्रांतीत असताना द्रवाच्या अंगी एवढीशी जरी यील्ड स्ट्रेस (वाहायला लागण्याआधी द्यावा लागणारा किमान ताण) असेल, तरी कण जागचा हलणार नाही. वाहतुकीतले हादरे आणि कणांचे झुपके धरून मी प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट ठेवतो, अर्धा-एक पास्कल. झँथन गमसारखं एखादं पॉलिमर अगदी कमी प्रमाणात घातलं की असं सैलसर जाळं तयार होतं. शांत असताना ते कण धरून ठेवतं आणि बाटली हलवून ओतली, फवारणीच्या नोझलमधून दाबाने गेली, की मोडून पातळ होतं. पाहिजे होती ती रचना. ‘घट्ट करा’ आणि ‘शांत असताना न वाहणारं करा’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढं रिऑलॉजी (पदार्थ कसे वाहतात याचं शास्त्र) समजल्याशिवाय दिसत नाही.

गरजांच्या यादीत जे लिहायचं राहून जातं, त्याची किंमत फार मोठी असू शकते. शीतकांचा, म्हणजे फ्रिज-एसीत फिरून उष्णता बाहेर नेणाऱ्या द्रव्यांचा, इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याने या नजरेने वाचावा असं मला मनापासून वाटतं. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड वापरत. गळती झाली तर जिवावर बेतायचं. १९२८ मध्ये टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गुणधर्म ठरवले आणि मग रेणू शोधला: विषारी नको, पेट घेणारा नको, स्थिर हवा, उत्कलनबिंदू योग्य पट्ट्यात हवा. त्यातून आर-१२ आला, उकळतो उणे ३० अंशांच्या आसपास. यादीतली प्रत्येक अट त्याने पाळली. पण त्याची स्थिरताच पुढे घातक ठरली. खाली कुठेच न मोडणारा रेणू वर स्ट्रॅटोस्फिअरपर्यंत पोचतो, तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन खातो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी हे दाखवलं, १९८७ मध्ये असे रेणू टप्प्याटप्प्याने बंद करायचा माँट्रिअल करार झाला.

त्यानंतरचा आर-१३४ए बिनक्लोरीनचा, उकळतो उणे २६ अंशांना, म्हणजे जुन्याच्या जवळपास. पण तो खनिज तेलात मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरचं वंगणही बदलून एस्टर जातीचं घ्यावं लागलं. एक रेणू बदलला की सोबतचं किती काय हलतं, ते इथे दिसतं. शिवाय तापमानवाढीत त्याचा वाटा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १४०० पट. म्हणून गाड्यांच्या एसीसाठी आर-१२३४वायएफ आला. त्याच्या रेणूत मुद्दाम दुहेरी बंध ठेवलेला आहे, म्हणजे हवेत तो काही दिवसांतच मोडतो. त्याची किंमतही आहेच: तो थोडा ज्वलनशील आहे. मिजली यांच्या काळात वरच्या वातावरणाचं हे रसायनशास्त्र कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना दोष देता येत नाही. आज मात्र ‘वापर संपल्यावर हा रेणू कुठे जातो’ ही ओळ यादीत नसेल तर ती आपली चूक आहे.

रेणूला हात न लावता फक्त रचनेतून प्रश्न सुटल्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण डिटर्जंटमधल्या एन्झाइमचं आहे. १९६० च्या दशकात कपड्यांवरचे प्रथिनांचे डाग काढायला एन्झाइमची भुकटी पावडरीत घालायला लागले. कारखान्यात ती भुकटी उडायची आणि तिथल्या कामगारांना दम्यासारखा त्रास सुरू झाला. १९६९ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. एन्झाइम बदलण्यात अर्थ नव्हता, काम तर तेच करत होतं. बदललं त्याचं रूप. भुकटीच्या जागी अर्धा-एक मिलिमीटरचा दाणा, एन्झाइम आत आणि बाहेर मेणाचं किंवा पॉलिमरचं कवच. हा दाणा कन्व्हेयरवर घासला तरी धूळ सुटू द्यायची नाही, शेजारच्या ब्लीचपासून आणि दमटपणापासून आतलं एन्झाइम जपायचं, आणि धुण्याच्या गार पाण्यात पडला की काही मिनिटांत विरघळायचं. एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या या मागण्या कवचाची जाडी, फ्लुइड बेडमधला (खालून हवा सोडून दाणे तरंगते ठेवणाऱ्या भांड्यातला) हवेचा वेग, फवाऱ्याचा थेंब आणि वाळवण्याचं तापमान यांतून भागवल्या जातात. कामगाराची छाती वाचली ती फ्लुइडायझेशन आणि ड्रायिंग या दोन धड्यांमुळे, असं मी शिकवताना सांगतो.

घन पदार्थांकडे दुर्लक्ष करू नका, हेही इथेच सांगतो. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये आलं. १९९८ मध्ये त्याच रेणूचं तोवर न दिसलेलं, जास्त स्थिर स्फटिकरूप उत्पादनात निघायला लागलं. ते खूप कमी विरघळणारं होतं, कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत बसेनात आणि शेवटी बाजारातून काढाव्या लागल्या. रेणू तोच, शुद्धता तीच.

आता स्केल-अप, म्हणजे प्रयोगशाळेतली रेसिपी प्लांटच्या मोठ्या भांड्यात नेणं. इथे प्रॉडक्ट आणि प्रोसेस वेगळे काढताच येत नाहीत, आणि इथे केमिस्ट आणि इंजिनिअर यांनी एकत्र बसणं सर्वात गरजेचं असतं.

एका ठिकाणी आम्ही क्रीम दोन लिटरवरून दोन हजार लिटरवर नेलं. बीकरमध्ये सुरेख, चमच्यावर उभं राहणारं. प्लांटमधली पहिली बॅच दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रममधून रंगासारखी ओघळली. पहिला संशय नेहमीप्रमाणे वजनांवर. दोन दिवस बॅचशीट आणि गोदामातली शिल्लक ताडून बघितली. ऑपरेटरने एक ग्रॅमही चुकवला नव्हता. आकारमान हजारपट झालं की लांबी-रुंदी दहापट होते आणि दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग एक दशांश उरतो. बीकर २० मिनिटांत थंड झाला होता, भांड्याला साडेतीन तास लागले. या क्रीमचा घट्टपणा येतो तो सेटोस्टेअरिल अल्कोहोल (मेणासारखा एक घटक) आणि इमल्सिफायर मिळून थंड होताना जे थरांचं जाळं विणतात त्यातून. ते जाळं विणलं जात असताना अँकर (भांड्यातलं ढवळायचं पातं) साडेतीन तास ते मोडत राहिला.

हे सिद्ध कसं केलं? प्लांट लॅबमध्ये आणून. त्याच दोन लिटरला जॅकेट (थंड-गरम पाणी फिरवायचं बाहेरचं आवरण) लावून मुद्दाम साडेतीन तासांत थंड केलं, सतत ढवळत. तसंच पातळ क्रीम निघालं. मला वाटतं हा प्रयोग रेसिपी पक्की करण्याआधी करायचा असतो, बॅच बिघडल्यावर नव्हे. आता मी तो टाळू देत नाही.

उपाय रेसिपीत नव्हता, क्रमात होता. सगळं पाणी गरम करण्याऐवजी बॅचचा ६० टक्के भाग ७५ अंशांवर इमल्शन करून घेतला आणि उरलेलं ४० टक्के पाणी २० अंशांचंच घातलं. मिश्रण काही मिनिटांत साधारण ५३ अंशांवर आलं. जॅकेटला जे तासन्‌तास जमत नव्हतं ते आतूनच झालं, आणि त्या तापमानाखाली अँकर अगदी हळू फिरवला. तापवायची ऊर्जा वाचली ती वेगळीच. एक खबरदारी मात्र घ्यावी लागली: हे पाणी आता तापत नव्हतं, म्हणून ते जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ असल्याची खात्री दर बॅचला करावी लागते.

आता तुमच्या शंकेकडे. केमिस्ट रेणू आणि घटक यांबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणतो, मार्केटिंगवाला माणसांबद्दल. त्यांचं काम हिसकावायचं नाही. पण ‘चिकट’ या शब्दापासून प्रोबच्या आकड्यापर्यंत, आणि त्या आकड्यापासून अँकरच्या वेगापर्यंतचा सलग रस्ता या दोघांपैकी कुणालाच पूर्ण दिसत नाही. तो दिसेल अशी तयारी तुमच्याकडे आधीच आहे: मास ट्रान्स्फर, हीट ट्रान्स्फर, थर्मोडायनॅमिक्स, ढवळण्याचं शास्त्र. कमी पडतं ते कोलॉइड आणि इंटरफेस, रिऑलॉजी, स्फटिकीकरण, भुकटीचे गुणधर्म आणि प्रयोगांचं संख्याशास्त्र. संगणकाकडे ओढा असेल तर सॉल्व्हंट डिझाइनकडेही बघा. रेणूच्या तुकड्यांवरून गुणधर्म सांगणारी युनिफॅक पद्धत १९७५ ची, आणि तिला उलटं फिरवून हव्या त्या गुणधर्माचा रेणू शोधायचं काम १९८० च्या दशकातच सुरू झालं. अजून तिथे करण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रोजेक्ट जरूर घ्या, पण विषय लहान ठेवा. ‘नवीन मॉइश्चरायझरचा विकास’ असं नाव देऊ नका, त्याला अंत नाही. एकच ठरलेली रेसिपी घ्या आणि ती तीन वेगवेगळ्या वेगांनी थंड करा. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबांचे आकार मोजा, व्हिस्कॉसिटी एका वेगावर न घेता पूर्ण पट्ट्यात घ्या, नमुने ५, २५ आणि ४० अंशांवर ठेवून चार आठवडे दर आठवड्याला बघा. वापरणारी पाच माणसं शोधा आणि त्यांना प्रश्नावली देण्याआधी नुसतं वापरू द्या. तुम्ही शेजारी बसून त्यांची बोटं बघा. चौथ्या आठवड्यात ४० अंशांच्या ओव्हनमधल्या एखाद्या बाटलीच्या तळाशी पाण्याचा बारीक थर दिसला, तर ती बाटली फेकू नका. पट्टी लावून थराची उंची लिहून ठेवा, तारखेसह फोटो काढा आणि ती कुठल्या वेगाने थंड केली होती ते वहीत बघा. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त बोलण्यासारखं त्या बाटलीबद्दल असेल.